मी झोपलो कवा हुतो?

गेल्या साली मी एक कविता लिहिली. कवितेत एक बाई झोपलेली आणि मी तिला उठवतोय. शतकांची झोप, अंधार, मशाल, सूर्य, असला सगळा मालमसाला त्यात होता. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात म्हटली. टाळ्या पडल्या. एका कार्यकर्त्यानं पाठीवर थाप मारली, म्हणाला, आमच्या आयाबहिणींना जागं करायला असंच लिवाय पायजे. मी फुगलो. त्या भरात घरी आलो आणि आक्काला कविता वाचून दाखवली.

आक्का म्हंजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघंही एकाच सूतगिरणीत, दोघंही रिंग खात्यात साइडर. ती पहिल्या पाळीला, मी तिसऱ्या. ती पहाटे चारला उठते. पाणी भरते, भाकऱ्या थापते, डबा बांधते, सातला फ्रेमवर उभी राहते. साडेतीनला सुटून आली की पुन्हा चूल. ती माझी कविता ऐकत होती तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं,

‘आरं, पर मी झोपलो कवा हुतो?’

(आमच्या भागात बाया ‘आलो, गेलो, झोपलो’ असंच म्हणतात. शुद्धवाले हसतात. हसू देत.)

मित्रांनो, त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. पण तो घेऊन मी वर्षभर एका भलत्याच गोष्टीच्या मागं लागलो. ती म्हंजे परीकथेतली झोपलेली राजकन्या. तिसऱ्या पाळीच्या माणसाला दुपारचा वेळ असतो, झोप नसते. वाचनालयात बसलो, डिक्शनरी मांडीवर घेऊन पुस्तकं वाचली, मोबाइलवर सिनेमे बघितले. तुम्ही म्हणाल, राजकन्यांशी आपला काय संबंध? संबंध आहे. त्या गोष्टीत चाती आहे. राजकन्येला चाती टोचते आणि ती झोपते. माझ्यासमोर रात्रभर एका फ्रेमला हजारावर चात्या मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेतात. धागा तुटला की गुडघ्यानं ब्रेक दाबायचा, टोक शोधायचं, सांधायचं, पुढं पळायचं. चातीनं माणसाला झोप लागते ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल? ज्यानं जन्मात सूत कातलं नाही त्याच्या.

आता गोष्ट कशी बदलत आली ते बघा.

नेपल्सच्या बासिलेनं ती १६३४-३६ च्या पुस्तकात लिहिली. मुलीचं नाव तालिया. तिच्या नखाखाली तागाचा कूस जातो आणि ती मेल्यासारखी पडते. शिकारीला आलेला एक राजा तिला तशीच बघतो, तिच्यावर जबरदस्ती करतो आणि निघून जातो. गोष्टीत जबरदस्ती हा शब्द नाही, पण बेशुद्ध बाईशी दुसरं काय घडू शकतं? ती झोपेतच जुळ्यांना जन्म देते. त्यातलं एक पोर दूध शोधता शोधता तिचं बोट चोखतं, कूस निघतो, ती जागी होते. पुढं त्याच राजाशी तिचं लग्न होतं आणि गोष्ट सुखाची ठरते! १६९७ ला फ्रान्सच्या पेरोनं हे सगळं झाकलं. त्याच्याकडं राजपुत्र नुसता गुडघ्यावर बसतो. शंभर वर्षं भरलेली असतात म्हणून राजकन्या आपली आपण उठते. चुंबन नाही. चुंबन आणलं जर्मनीच्या ग्रिम भावांनी १८१२ ला. म्हंजे ज्या चुंबनाला आपण परीकथेचा प्राण समजतो ते या गोष्टीत उशिरा आलेलं पाहुणं आहे.

हिमगौरीचं तर आणखी भारी आहे. ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीत राजपुत्र तिची काचेची पेटी घरी नेतो आणि जिथं जाईल तिथं नोकरांना ती उचलून न्यायला लावतो. नोकर वैतागतात. या मेलेल्या पोरीपायी दिवसभर आमची हाडं मोडायची का, म्हणून एक जण तिला उचलून पाठीत धपाटा घालतो. घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि हिमगौरी उठते. मी हे वाचलं तेव्हा वाचनालयात मोठ्यानं हसलो. राजकन्येला जागं केलं ते ओझं वाहून कावलेल्या एका गड्यानं! नंतरच्या आवृत्त्यांत ग्रिमनं तो धपाटा काढला. नोकरांचा पाय अडखळतो, पेटीला हिसका बसतो, एवढंच ठेवलं. आणि १९३७ ला वॉल्ट डिस्नेनं हिमगौरीचा सिनेमा काढला त्यात नोकरही गेले, पेटीचं ओझंही गेलं. उरले राजपुत्राचे ओठ.

तर जागं करणारे असे होते: एक भुकेलं पोर, सरलेला काळ, एक वैतागलेला गडी. सिनेमानं तिघांनाही हाकललं आणि सगळं श्रेय एका माणसाला दिलं. घोड्यावरच्या.

डिस्नेचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ १९५९ चा. ७५ मिनिटांचा सिनेमा, त्यात जिच्या नावानं तो आहे ती ऑरोरा जेमतेम १८ मिनिटं पडद्यावर. सोळाव्या वाढदिवशी तिला कळतं की तिचं लग्न पाळण्यातच ठरलंय. ती रडते, आणि तिथून सिनेमा संपेपर्यंत एक शब्द बोलत नाही. झोपते, उठते, नाचते, पण बोलत नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी केली. राजपुत्र तिला आधी रानात भेटवला, दोघांना नाचवलं. अनोळखी माणसानं झोपलेल्या पोरीचं चुंबन घेणं त्यांनाही टोचलं असणार. म्हणून ओळख करून दिली. आपल्याकडं बघण्याच्या कार्यक्रमात चहा पाजतात तशी.

पण मला त्या सिनेमात दुसरंच काही दिसलं. शाप ऐकल्यावर राजा हुकूम सोडतो, राज्यातले सगळे चरखे जाळा. पडद्यावर मोठी होळी पेटते. एका पोरीसाठी! त्या चरख्यांवर किती बायांच्या चुली पेटत असतील? सोळा वर्षं त्या राज्यात सूत कुणी कातलं? राजाच्या अंगावरचा झगा कुठून आला? सिनेमा विचारत नाही. पेरोच्या गोष्टीत तर चाती बाळगणाऱ्याला देहदंड आहे. मात्र तिथं एक म्हातारी होती. बुरुजाच्या वरच्या खोलीत एकटीच सूत कातत बसलेली. राजाची मनाई तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. राजकन्या तिच्याकडून चाती घ्यायला जाते आणि तिला टोचते. १९५९ च्या सिनेमात ती म्हातारी नाही. चरखा जादूनं उगवतो, कातणारीशिवाय. आम्हा गिरणीवाल्यांना हे ओळखीचं आहे. दुकानात कापड असतं, कापडावर कंपनीचं नाव असतं, हात नसतो.

पेरोकडं अजून एक बारीक गोष्ट आहे. परी राजकन्येबरोबर आचारी, दासी, पहारेकरी सगळ्यांना झोपवते. का? ती उठेल तेव्हा सेवेला हजर असावेत म्हणून. ग्रिमच्या गोष्टीत आचारी स्वयंपाकघरातल्या पोराला मारायला हात उगारतो आणि तसाच झोपतो. शंभर वर्षांनी सगळे उठतात आणि पहिलं काय होतं? ती थप्पड पोराच्या गालावर बसते. राजवाड्यात शंभर वर्षांत एवढीच क्रांती झाली.

हे सिनेमे कुणी बनवले, तेही बघितलं पाहिजे. डिस्नेच्या कारखान्यात पारदर्शक पत्र्यांवर शाईची रेघ ओढायला आणि रंग भरायला बाया होत्या. हजारो चित्रं त्यांनी हातानं गिरवली. पण १९३८ ला शिकाऊ म्हणून अर्ज केलेल्या एका मुलीला कंपनीनं लेखी कळवलं की कल्पकतेचं काम बाया करत नाहीत, ते तरुण पुरुषांचं. म्हंजे पडद्यावर बाई झोपलेली आणि पडद्यामागं बाई रात्र-रात्र जागून तिच्या पापण्या रंगवतेय. १९४१ ला तिथं संप झाला. हिमगौरीतल्या दुष्ट राणीला ज्यानं हलवलं-चालवलं तो आर्ट बॅबिट युनियनच्या कामासाठी निघाला, कामावरून गेला, आणि त्यावर माणसं गेटबाहेर आली. ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा तिथं हातानं शाई ओढून केलेला त्या काळचा शेवटचा मोठा सिनेमा. १९६१ च्या सिनेमापासून झेरॉक्सचं यंत्र आलं. हातानं शाईची रेघ ओढणाऱ्या बहुतेक बायांची गरज उरली नाही. चरख्यांची होळी पडद्यावर झाली आणि पाठोपाठ कारखान्यातही.

मग काळ बदलला. बाया रस्त्यावर आल्या, कोर्टात गेल्या, तिकडं आणि इकडंही. सिनेमावाल्यांना बदलावं लागलं. १९९१ च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये पोरगी पुस्तकं वाचायला लागली. तो सिनेमा लिंडा वूल्व्हर्टन या बाईनं लिहिला. १९९८ ला मुलाननं तलवार घेतली. २०१३ च्या ‘फ्रोझन’मध्ये तर प्रेमाचं खरं कृत्य बहीण बहिणीसाठी करते आणि लग्नाला उतावळा झालेला राजपुत्र लबाड निघतो. चांगलं झालं. मी नाक मुरडणार नाही. आमच्या गल्लीतल्या पोरी ते बघून उड्या मारतात, त्यांच्या उड्या खोट्या नाहीत.

२०१४ चा ‘मॅलेफिसंट’ मात्र मी तीनदा बघितला. हाही वूल्व्हर्टनबाईंनीच लिहिलेला. १९५९ ला जी शाप देणारी चेटकीण होती तिच्या बाजूनं गोष्ट. तिला मोठाले पंख असतात. स्टेफान नावाचा पोरगा तिच्यावर प्रेम असल्याचं दाखवतो. राजा म्हणतो, हिला संपवेल त्याला गादी देतो. स्टेफान येतो, तिला गुंगीचं औषध पाजतो आणि ती झोपेत असताना तिचे पंख कापून नेतो. अँजेलिना जोली यांनी तेव्हाच मुलाखतीत सांगितलं की हा प्रसंग बलात्काराचं रूप म्हणून केला. बघा म्हंजे, बासिलेनं जे सहज सांगून टाकलं, पेरोनं झाकलं, डिस्नेनं गुलाबी केलं, ते पावणेचारशे वर्षांनी पडद्यावर गुन्हा म्हणून आलं. पुढं ऑरोराला राजपुत्राचं चुंबन उठवू शकत नाही. तो स्वतःच बिचकतो, मी हिला नीट ओळखतही नाही म्हणतो. तिला जागं करतं ते पश्चात्तापानं कपाळावर टेकलेलं मॅलेफिसंटचं तोंड.

हरलेल्याच्या बाजूनं गोष्ट उलटी करणं आपल्याला नवं नाही. जोतिबांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’त बळीराजाची गोष्ट उलटी करून सांगितली, तेव्हा अमेरिकेत सिनेमा जन्मायचा होता. म्हणून मला हा सिनेमा जवळचा वाटला. पण जोतिबांनी गोष्ट उलटी केली ती गादीच्या मुळावर यायला. मॅलेफिसंटमध्ये शेवटी ऑरोराला दोन्ही राज्यांची राणी करतात. मुकुट तिथंच, फक्त डोकं बदललं. चरखे याही सिनेमात मोडले-जाळले जातात, त्यांचे सांगाडे तळघरात पडलेले असतात, आणि कातणारीण याही सिनेमात नाही.

आणि एक गोष्ट मला झोंबली. १९५९ ला स्टेफान हा नुसता राजा होता, जन्माचा. २०१४ ला त्याला गरीब केलं. अनाथ पोरगा, गोठ्यात राहणारा, राजवाड्याकडं बघून स्वप्न बघणारा. बाईला न्याय द्यायची वेळ आली तेव्हा गुन्हेगार म्हणून सापडला कोण, तर खालून वर चढू बघणारा! ज्या राजानं गादीचं आमिष दाखवलं तो लढाईत जखमी होऊन अंथरुणावर मेला. साला, इथंही आम्हीच? पहिल्यांदा बघितला तेव्हा मी मोबाइल उपडा ठेवला.

तिसऱ्यांदा बघितला तेव्हा तेवढा जोर राहिला नाही. कारण मी स्वतःकडं बघितलं.

आक्का आठवीत होती तेव्हा बापाचं आजारपण आलं. दोघांना शिकवणं जमणार नव्हतं. बापानं तिला काढलं, मला ठेवलं. मी एक शब्द बोललो नाही. लहान होतो म्हणा. पण मोठा झालो तेव्हाही बोललो नाही. मी दहावी झालो, पुढं डिक्शनरी, पुस्तकं, अंकांची वर्गणी, सगळ्यात तिचा पगार आहे. सभेत जातो त्या सदऱ्याला इस्त्रीही तीच मारते. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब काय बोलले ते मला तोंडपाठ आहे, मी ते भाषणात म्हणतो, आणि घरी येऊन ताट वाढायची वाट बघतो. तिचे पंख मी कापले नाहीत. पण कापलेल्या पंखांच्या गादीवर झोपलो तर होतो. मग कवितेत तिलाच झोपलेली म्हणायला माझी जीभ कशी रेटली? गरिबाच्या पोराला सिनेमात राक्षस केलं म्हणून राग येणं बरोबर आहे. तो राग पुढं करून घरातलं झाकणं बरोबर नाही. दोन्ही एकदम खरं असतं आणि दोन्ही एकदम बोलायला जड जातं. आपल्या बैठकांत आपण पहिलं जोरात बोलतो.

आक्काच्या प्रश्नाकडं परत येतो. चारशे वर्षांत या गोष्टीत भांडण चाललंय ते जागं कुणी करायचं याचं. पोरानं, काळानं, राजपुत्रानं, मॅलेफिसंटनं. २०२५ च्या नव्या ‘स्नो व्हाइट’मध्ये राजपुत्र काढला आणि त्याच्या जागी जंगलातला बंडखोर आणला. तरी ती झोपतेच आणि त्याच्या चुंबनानंच उठते. बंडखोर! मला आमचीच कार्यकर्ता मंडळी आठवली, माझ्यासकट. राजपुत्राची जागा बंडखोराला हवी आहे. झोपलेली बाई त्यालाही लागतेच.

न झोपणाऱ्या बाया त्या गोष्टींत नाहीत असं नाही. ग्रिमच्याच पुस्तकात तीन सूत कातणाऱ्या बायांची गोष्ट आहे. एकीचा पाय चरखा दाबून फताडा झालेला, एकीचा ओठ धागा ओला करून लोंबलेला, एकीचा अंगठा पीळ देऊन रुंद झालेला. त्या एका आळशी पोरीचं सूत कातून देतात, बदल्यात एवढंच मागतात की लग्नाला आम्हाला बोलव, आमची लाज बाळगू नकोस. लग्नात त्यांना बघून नवरा इतका घाबरतो की माझी बायको आता चरख्याला हातही लावणार नाही म्हणतो. कामानं शरीराचं काय होतं हे एवढं उघड सांगणारी गोष्ट! डिस्नेच्या मोठ्या सिनेमांत या तिघींना जागा मिळाली नाही. आक्काच्या उजव्या बोटावर धाग्यानं पडलेली चीर आहे, हिवाळ्यात ती उघडते. तिला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, ‘ह्या बाया आपल्या खात्यातल्याच की.’

आणि सोळा वर्षांच्या पोरीला चाती खरोखर कुठं टोचते तेही सांगतो. तामिळनाडूतल्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची योजना चालायची. गरीब घरातल्या, त्यात पुष्कळ दलित घरांतल्या, कोवळ्या मुलींना तीन-तीन वर्षं गिरणीच्या होस्टेलात ठेवायचं, बाहेर जायला बंदी, आणि शेवटी एकरकमी पैसे. कशासाठी, तर लग्नासाठी. हुंड्यासाठी. २०११ च्या सुमाराला यावर बरंच छापून आलं. बुरुज, पहारा, चाती आणि शेवटी लग्न. गोष्ट तीच, फक्त हिच्यात झोप नव्हती. बारा-बारा तास उभं राहणं होतं.

डिस्नेत नोकरी करणारी राजकन्या आली ती २००९ ला. टियाना, न्यू ऑर्लिन्सची काळी पोरगी, दोन-दोन ठिकाणी वेटरचं काम करून खानावळीसाठी पैसे साठवणारी. त्यांच्या राजकन्यांतली पहिली काळी. आधी तिचं नाव मॅडी ठेवून तिला गोऱ्यांच्या घरची मोलकरीण करणार होते, ओरड झाल्यावर बदललं. म्हंजे काळी आली तेव्हाच काम आलं. गोऱ्या राजकन्यांना शंभर वर्षं झोपायची मुभा होती, हिला पापणी मिटायची सवड नाही. वर अर्ध्याहून जास्त सिनेमा ती बेडकी होऊन हिंडते, तिचा काळा चेहरा पडद्यावर टिकतच नाही. तरी आक्काला सगळ्यांत तीच आवडली. मी बेडकीचा मुद्दा काढला. ती म्हणाली, बेडकी झाली तरी कामाचं ध्यान सुटलं नाही बघ तिचं. मी वाद घातला नाही. कदाचित घालायला पाहिजे होता; काम करत राहणं हाच बाईचा मोठेपणा, हेही एक गुंगीचं औषधच आहे. पण हे मी बोलायचं की तिनं, इथं माझं गाडं अडतं.

संपादकांनी या अंकासाठी ती टाळ्या पडलेली कविता मागितली होती. दोनदा निरोप आला. ती दुरुस्त होते का म्हणून बसलो; झोप काढली तर कवितेत काहीच उरेना. आक्काला विचारलं, मग तुझ्यावर काय लिहू? ती म्हणाली, ‘आधी उद्याच्याला चारला ऊठ आन् पाणी भर. मग बघू.’ तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते जमायचं नाही, पण सुट्टीच्या दिवशी दोन वेळा भरलं. हे लिहिलेलं तिला अजून वाचून दाखवायचंय.